नवव्या महिन्याची नोंद

३ जून

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. भिंगरीला तिच्या मावशीकडून दोन्ही गालांवर एकेक पापा, आणि जावईबापूंना नमस्कार सांग. आम्ही इकडे ठीक. तुझ्या भाऊजींची पाठ मध्यंतरी धरली होती, ती गरम पाण्याच्या पिशवीने सुटली. बाइंडिंगच्या दुकानात सध्या शाळांच्या हजेरीपुस्तकांचं काम आलंय, त्यामुळे ते घरी येतात तेव्हा त्यांच्याआधी खळीचा वास आत येतो. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच आहे. तिसरा माणूस दुरुस्त करून गेला. प्रत्येकजण आधीच्याला नावं ठेवतो आणि नळ तसाच.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. भिंगरी कानातली यंत्रं काढून बापाच्या बुटात टाकते हे वाचून मी मोठ्याने हसले. कुठे टाकायचं ते एकदा ठरवलं की दर वेळी तिथेच, म्हणजे पोरगी शिस्तीची आहे! तिच्या मागे लागू नकोस. दोन वर्षं चार महिने जिला जग जवळजवळ मुकं होतं, तिला ते एकदम बोलायला लागलं तर नकोसं होणारच. आधी अर्धा तास लाव, तेही तिचं आवडतं काही चाललं असताना. पाण्यात खेळताना मात्र नको. यंत्राचा कानात बसवायचा साचा नीट बसला नाही की ते शिट्टी मारतं. शिट्टी वाजली तर बिघडलं असं समजून घाबरू नकोस, साचा दाबून बसव.

पाळणाघरातल्या त्या बाईंचे उपकार मानावे तेवढे थोडे. भिंगरी पाठमोरी बसलेली असताना त्यांनी हाक मारून पाहिली, पुन्हा मारून पाहिली, आणि सरळ तुला येऊन सांगितलं. सगळ्यांना असं सरळ सांगता येत नाही.

एक काम कर. एक वही घाल. तारीख लिही, आवाज कसला होता ते लिही, तिची पाठ होती की तोंड ते लिही आणि वळली की नाही ते लिही. 'बहुतेक वळली' असं लिहायचं नाही. एक तर वळली, नाहीतर नाही. आईच्या मनाला 'बहुतेक' फार आवडतं, पण कानाच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग नसतो.

बाकी, तू आमच्या आरोग्य केंद्रातल्या भिंगरीच्या नोंदींची प्रत मागितली आहेस. तुझ्याकडच्या कार्डावर नुसत्या खुणा आहेत, डॉक्टरांना मूळ नोंद बघायची आहे, हे कळलं. जुन्या वह्या वरच्या कपाटात असतात आणि किल्ली कारकुनाकडे, आणि तो रजेवर. आला की पाठवते.

तापाबद्दल तू जे लिहिलं आहेस त्यावर नंतर सावकाश लिहीन. तुझ्या सासूबाई बोलतात ते मनावर घेऊ नकोस. वेळेवर जेव.

तुझी,
ताई

ता. क. : किल्लीचं विसरणार नाही.


१२ जून

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. घरची खुशाली मागच्या पत्रात लिहिलीच आहे.

किल्ली कारकुनाकडे नव्हती. ती माझ्याच जुडग्यात असते, गेली अकरा वर्षं.

तुझं दुसरं पत्र शनिवारी आलं. तू लिहितेस की नवव्या महिन्याला कान चांगले होते अशी माझी नोंद आहे, म्हणून डॉक्टरांना वाटतं की ऐकू येणं नंतर गेलं, आणि गेलं म्हणजे अजूनही कमी होत चाललं असेल. म्हणून चोवीस तारखेला तिला भूल देऊन डोक्याची तपासणी करायची. आणि शेवटी तू लिहितेस, "चौदाव्या महिन्यात ताप आला तेव्हा मी दोन दिवस घरीच पट्ट्या ठेवत बसले. ताई, त्या दोन दिवसांत मी तिचे कान घालवले."

हे वाक्य मी तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते पुठ्ठा कापत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "मग तू तिला काय लिहिणार?"

म्हटलं, "धीराचे चार शब्द लिहीन."

"तिला धीर कशाला हवाय? काय झालं ते हवंय तिला."

त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते आपलं सहज बोलले. पण मी तिथेच स्टुलावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. आता तुला सांगते. आधी तुला सांगायला हवं होतं, हेही मला कळतं.

भिंगरी चार महिन्यांची असताना मी तुला घाबरवलं होतं, ते तू विसरली नसशील. डोक्याचा घेर मला जास्त वाटला. मी दोनदा टेप लावली आणि तुला मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे तुझे तीन दिवस गेले, तिच्या इवल्याशा हाताला सुया टोचल्या, आणि निघालं काहीच नाही. आपल्या बाबांचं डोकं मोठं, तसं तिचंही. तू परत आलीस ती माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, "तुला माझी पोर दिसतच नाही, ताई. तुला तक्ता दिसतो. स्वतःचं असतं तर कळलं असतं." आणि दीड महिना बोलली नाहीस. मी ते तेव्हाच गिळलं. उगाळायला आज काढत नाही, पुढचं कळावं म्हणून लिहिते.

नवव्या महिन्याला तू तिला केंद्रात घेऊन आलीस. वजन झालं, उंचीच्या फळीवर तिने लाथा झाडल्या, लाकडी ठोकळा या हातातून त्या हातात घेतला. सगळं छान. मग कानांची पाळी. तू तिला मांडीवर घेऊन बसलीस. वजनकाट्यावरच्या बाईंनी समोर लाल चेंडू धरला आणि मी मागे हातभर अंतरावर जाऊन डावीकडे खुळखुळा वाजवला. ती वळली नाही. उजवीकडे वाजवला. नाही. बाईंना बाहेर कुणी हाक मारली म्हणून त्या उठून गेल्या. मी कागद चुरगाळला, तिचं नाव हळू घेतलं, मग जरा मोठ्याने घेतलं. ती आपली चेंडू कुठे गेला ते बघत होती.

असं झालं की एका महिन्याने पुन्हा बोलवायचं आणि तेव्हाही तसंच असेल तर पुढे पाठवायचं, हा नियम आहे. शेकडो आयांना मी ते तोंडपाठ सांगितलंय. त्या दिवशी ते माझ्या जिभेवर येईना. मी एक पाऊल पुढे आले, तिसऱ्यांदा खुळखुळा वाजवला, आणि माझ्या बाहीची हालचाल तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. ती वळली आणि हसली. तू टाळी वाजवलीस, "बघ, वळली!" मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघून हसत होतीस, पाच महिन्यांत पहिल्यांदा, पूर्वीसारखी. मी वहीत बरोबरची खूण केली. दोन्ही कानांपुढे.

ती आवाजाला वळली नव्हती. मला दिसून वळली होती. हे मला त्या क्षणीच माहीत होतं.

मनाशी म्हटलं, घरची पोर आहे, येत्या महिन्यात घरीच बघू. आणि घरी आलीस की मी तिच्या समोर बसून बोलायचे, कधीच मागे जाऊन नाही. मराठीत याला कानाडोळा म्हणतात. शब्द इतका नेमका आहे की लिहिताना हात थांबला. मग जावईबापूंची बदली झाली, तुमचं सामान गेलं, आणि मला सुटल्यासारखं झालं. हेही लिहून टाकते, कारण ते खरं आहे.

तेव्हा धाकटे, नीट वाच. ताप आला त्याच्या पाच महिने आधीपासून तिला ऐकू येत नव्हतं. जन्मापासूनच होतं का, ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण तापाच्या आधीपासून होतं याला साक्षीदार मी आहे. तुझ्या त्या दोन दिवसांनी काहीही घालवलेलं नाही. पट्ट्या ठेवत बसलीस ते बरोबर केलंस आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलंस तेही बरोबर केलंस. आणि मुळात तू दोन दिवस थांबलीस ती 'उगाच घाबरायचं नाही' असं ठरवून बसली होतीस म्हणून. चौथ्या महिन्यात उगाच घाबरवून ते तुला मीच शिकवलं होतं.

नऊ ते अठ्ठावीस. एकोणीस महिने गेले. ते मी घालवले.

सोमवारी सकाळी मी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अशी आणखी किती?"

"एकही नाही."

"नक्की?"

"नक्की. पण आता तुम्ही माझ्या शब्दावर राहू नका. त्या वर्षी मी तपासलेली सगळी मुलं पुन्हा बोलवा."

त्यांनी त्या वर्षीची यादी पुढे ओढली. मग म्हणाल्या, "तेच करावं लागेल." बोलावण्याची पत्रं मी लिहिली, एकशे चार. तपासणार दुसरी नर्स. मला तपासणीवरून काढून वजनकाट्यावर बसवलं आहे, पुढचं वरचे लोक ठरवतील. वजनकाट्यावरच्या बाई माझ्याशी बोलताना नजर चुकवतात, जणू चूक त्यांचीच. याबद्दल तू वाईट वाटून घ्यायचं नाहीस, म्हणूनच हे इतक्या थोडक्यात लिहिलं.

सोबत नोंदीची प्रत आहे. जुनी खूण एका रेघेने खोडली आहे, ती खालून दिसते. शेजारी खरी नोंद, आजची तारीख आणि माझी सही. डॉक्टरीणबाईंचीही सही आहे. चोवीस तारखेच्या आत हे डॉक्टरांच्या हातात पडू दे. बाकी माझं काय करायचं ते तू नंतर ठरव, घाई नाही.

क्षमा मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं आणखी तुझ्यावर कशाला.

खाली 'तुझी' लिहावं की नाही ते कळेना.

ताई


२ जुलै

ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. पहिलं उत्तर मी फाडलं. दुसरं ह्यांनी लपवून ठेवलं, कारण त्यात तुला जे जे म्हटलं होतं ते म्हणे पोस्टात टाकण्यासारखं नव्हतं. हे तिसरं.

प्रत डॉक्टरांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "ही सही कोणाची?" म्हटलं, "माझ्या बहिणीची." मग भिंगरीची चाचणी पुन्हा घेतली. आकडे दोन महिन्यांपूर्वी होते तेच आले. म्हणजे कमी होत चाललेलं नाही, बहुधा जन्मापासून आहे तसंच आहे. भुलीची तपासणी पुढे ढकलली, मोठी झाल्यावर बघू म्हणाले. जाता जाता सहज म्हणाले, "वर्षाची असताना यंत्रं लागली असती तर आत्ता वाक्यं बोलली असती." ते बोलून पुढच्या पेशंटला हाक मारायला लागले. मी पिशवीत रुमाल शोधत तिथेच उभी.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की तापाने झालेलं नाही. त्या म्हणाल्या, "अगं, मी तर पहिल्यापासून तेच म्हणतेय!" मी हातातली पिशवी खाली ठेवली. मग खोलीत गेले आणि भर दुपारी तीन तास झोपले. कितीतरी महिन्यांत अशी झोपले नव्हते. उठले ती तुझ्यावर चिडूनच उठले.

ताई, मी तुझ्याशी इतकी भांडले आहे! भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, पाळणाघराच्या जिन्यावर. शेजारीण विचारत होती, फोनवर कोणाशी बोलत होतीस गं? एकदा तर मी तुला म्हटलं, तू माझ्या हसण्याला भुललीस, मग मी काय जन्मभर तोंड पाडून फिरायचं होतं? त्याचं उत्तर तुझ्या वतीने मीच दिलं. तेही मला पटलं नाही.

आता एक लिहिते. ते पहिल्या दोन पत्रांत नव्हतं, म्हणून ती पत्रं खोटी होती.

त्या दिवशी तुझी बाही मलाही दिसली होती.

खुळखुळा दोनदा वाजला आणि माझ्या मांडीवरचं ते अंग जरासुद्धा हललं नाही, हे तुझ्याआधी मला कळलं होतं. तिसऱ्यांदा ती वळली, का वळली तेही कळलं. तुझं पेन वहीवर येऊन थांबलं होतं. मी टाळी वाजवली ती भिंगरीसाठी नव्हती, तुझं ते पेन हलावं म्हणून वाजवली. आणि हसलेही त्याचसाठी.

त्याच्या आदल्या आठवड्यात घरी माझ्या हातून पातेल्यावरचं झाकण पडलं होतं. ती पाठमोरी बसली होती. झाकण गरगरत फरशीभर फिरलं आणि ती आपल्या पायाचं बोट चोखत राहिली. मी झाकण उचललं आणि मुद्दाम पुन्हा टाकलं. मग ते धुऊन जागेवर ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. ह्यांनासुद्धा नाही. केंद्रात आले ती हे मनात घेऊनच आले होते. तू 'नाही' म्हणाली असतीस तर मी पुन्हा तेच बोलले असते, स्वतःचं मूल नाही वगैरे. तुला खरं सांगायची सोयच मी ठेवली नव्हती. आणि तापाचं मी इतकं धरून बसले, कारण ताप हा नंतरचा होता. झाकण आधीचं होतं.

तेव्हा एकोणीस महिने तुझ्या एकटीचे नाहीत. पण म्हणून तू सुटलीस असंही नाही. मी आई होते, मी घाबरले. तू नर्स होतीस. घाबरलेल्या आईपुढे खरं बोलायचं, हेच तर तुझं काम होतं. हे मी कितीही वेळा उलटंपालटं करून बघितलं तरी असंच दिसतं. दारात मी तुला जे बोलले ते मात्र मागे घेते. ते चार महिन्यांच्या वेळीही खोटं होतं आणि नंतरही.

ह्यांना झाकणाचं सांगितलं. दोन दिवसांनी म्हणाले, "मला वाटायचं ती माझ्यासारखी आपल्याच नादात असते." म्हणजे घरात तिघं बघणारे होतो, आणि बोलल्या त्या पाळणाघरातल्या बाई.

आता भिंगरी. तू सांगितलंस तशी वही घातली आहे. एक्केचाळीस ओळी झाल्या, त्यात चोवीस 'नाही'. दोनदा 'बहुतेक' लिहिलं होतं, ते खोडलं. यंत्रं सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास राहतात. बूट आम्ही फळीवर ठेवायला लागलो, तर आता ती स्वतः येऊन माझ्या हातात देते. कपाटाचं दार करकरतं हे तिला कळलंय. अर्धा अर्धा तास ते उघडते आणि लावते, आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे असं बघते की करकर तिनेच तयार केली. ह्यांना बिजागरीला तेल घालू दिलेलं नाही. कागदी पिशवीला भिते. नळाला वळते, कुकरच्या शिट्टीला वळते. शब्द तीन होते, ते अकरा झाले. नवा शब्द 'अजून'. तो दाराला म्हणते.

पण नावाला वळत नाही. पाठीमागून 'भिंगरी' म्हटलं तर वळत नाही. यंत्रातून तिला ते ऐकू येतं, हे चाचणीत दिसलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, हा आवाज म्हणजे आपण, हेच तिला अजून ठाऊक नाही. अडीच वर्षांची होत आली आणि आपल्याला नाव आहे हे तिला माहीत नाही. हे ऐकलं त्या दिवशी मी फार रडले, आता नाही रडत. बाई म्हणतात, एकाच आवाजात ऐकवून भागत नाही, वेगवेगळ्या माणसांनी, पुढून, मागून, शेजारच्या खोलीतून, दिवसात पन्नास वेळा हाक मारायची. माझा आवाज झाला, ह्यांचा झाला. सासूबाई हाक मारायच्या आधीच तिला उचलून घेतात. आणखी एक माणूस हवं, जे कंटाळणार नाही आणि 'बहुतेक' लिहिणार नाही.

वजनकाट्यावरून रजा मिळत असेल तर ये. महिनाभरासाठी ये. बैठकीची खोली तुला देईन. भाऊजींना जेवणाचं बघता येईल, नाहीतर त्यांनाही घेऊन ये, इथे पुस्तकं खूप फाटली आहेत.

राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. तो जाईल की असाच राहील, माहीत नाही. घ्यायला मी येईन, तुझी पेटी उचलीन, चहा करीन. तुझ्याशी कदाचित फार बोलणार नाही. तू तिच्याशी बोल.

वाट बघतेय.

धाकटी